पाठ नसलेले कपडे

ड्रेपरीच्या कपड्यांना पाठ नसते. समोरून बघाल तर जरीचा काठ, छातीवर चिलखत, गळ्यात मोत्यांच्या लडी. मागून बघाल तर मानेपासून कमरेपर्यंत उघडं आणि दोन्ही कडांना लोंबणाऱ्या नाड्या. प्रेक्षक समोर बसतो, राजाच्या पाठीशी त्याला काय देणंघेणं? फायदा असा, की नाड्या सैल सोडल्या तर तोच अंगरखा पोट सुटलेल्या हेडमास्तरांना होतो आणि आवळल्या तर सातवीतल्या काडीपैलवानाला. खोट एकच. हा कपडा एकट्याने घालता येत नाही. राजा असो, राणी असो की राक्षस, कुणालातरी मागे उभं राहून बांधावा लागतो. परभणीतलं आमचं दुकान मी सांभाळलं म्हणजे मुख्यतः हेच केलं, लोकांच्या पाठीमागे उभी राहिले.

धंद्याबद्दल दिवाळी अंकात लिहा असं सांगणं आलं तेव्हा सून म्हणाली, आधी ड्रेपरी म्हणजे काय ते सांगा, नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही खिडक्यांचे पडदे शिवत होता. तर सांगते. गावात नाटक बसलं, शाळेचं गॅदरिंग आलं, गणपतीत जिवंत देखावा करायचं ठरलं, की ज्या दुकानातून मुकुट, शिवलेली धोतरं, गदा, दाढ्यामिशा आणि टोप भाड्याने नेतात ते दुकान म्हणजे ड्रेपरी. टोप म्हणजे डोक्यावर चढवायचे खोटे केस. मुकुट पुठ्ठ्याचे, गदा पत्र्याची, आणि दागिने जवळून बघू नयेत असे. सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. आमच्याकडचे कंस आणि कृष्ण, दोघेही एकच वास मारत स्टेजवर जायचे.

दुकान आमच्या ह्यांनी काढलं, शिलाई माझ्याकडे आणि नियम त्यांचे. पहिला नियम असा, की गिऱ्हाइकाला 'कोण घालणार' हे विचारायचं नाही, 'पार्ट कोणता' एवढंच विचारायचं. खुंट्यांवरसुद्धा पार्टांचीच नावं लिहिलेली, राजा, राणी, शिपाई, राक्षस, म्हातारी. माणसाचं नाव एकाही खुंटीवर नाही. दुसरा नियम, परत आलेल्या कपड्याच्या नाड्या आधी सोडायच्या, मग धुणं, मग खुंटी. पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर आधीच्या माणसाची गाठ नको, असं त्यांचं म्हणणं. तिसरा नियम मात्र माझा होता आणि त्यानेच पुढे घात केला. टोप असो की दाढी, बाहेरून दुकानात आलेला प्रत्येक केस आधी कढत पाण्यात जायचा. गॅदरिंगमध्ये टोप एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो आणि त्याच्याबरोबर उवाही जातात. ज्याने हे एकदा भोगलंय तो मला हसणार नाही.

'कोण घालणार' न विचारण्यात शहाणपण होतं. बोरीच्या शाळेतल्या एक बाई दरवर्षी यायच्या. एका साली त्यांच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना कृष्णच व्हायचं होतं, गोपी व्हायला एकही तयार होईना. बाईंनी वैतागून मुलांना गोपी केलं. मी स्वतः जाऊन त्या पोरांचे घागरे बांधले. एक जण तर घरी जाईपर्यंत बांगड्या काढू नका म्हणून हटून बसला होता. आईबाप टाळ्या वाजवत होते, सरपंच शिट्टी वाजवत होते, कुणाचं पोट दुखलं नाही. नाटक आहे म्हटलं की आपल्या लोकांना सगळं चालतं. पडदा पडला की मात्र ज्याने त्याने मुकाट आपापल्या कपड्यात जायचं असतं.

ताडकळसकडचे एक गृहस्थ होते. स्वच्छ धोतर, टोपी, बोलणं आदबीचं. ते अधूनमधून येऊन राणीचा शालू, चोळी आणि लांब केसांचा टोप न्यायचे. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणायचे, "गावात नाटक हाय." ऐन पेरणीच्या दिवसांत कोणत्या गावात नाटक असतं? ते गेल्यावर हे माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. कपडे परत यायचे ते आमच्यापेक्षा नीट घडी घालून. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. चोळीच्या नाड्या कधीच चुरगळलेल्या नसायच्या. म्हणजे त्या बांधल्याच जात नव्हत्या, मागून बांधणारं कुणी नव्हतंच. पुढे ते यायचे थांबले. का नेत असतील, कुठे घालत असतील, आरशासमोर किती वेळ उभे राहत असतील, हे मला तेव्हा विचारावंसं वाटत होतं आणि नियम आड येत होता. आता वाटतं, निदान चहा पाजून थोडा वेळ बसवायला हवं होतं.

हे गेले आणि धंदाही त्यांच्या मागोमाग निघाला. गावांतली नाटकं बसायची बंद झाली. शाळा मोबाइलवरून तयार ड्रेस मागवायला लागल्या. एकदा घातला की उसवणारे, पण नवे आणि बिनवासाचे. मुलगा म्हणाला, आई, आता कुलूप लावू. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात प्रतीक आला.

प्रतीक म्हणजे फार्मसीला शिकणारा, उंचेला, सतत हसणारा पोरगा. त्याने मोबाइल पुढे केला आणि एका निळ्या केसांच्या मुलीचं चित्र दाखवलं. घोळदार फ्रॉक, गुडघ्यापर्यंत मोजे, डोळे एवढे मोठे की तोंडाला जागाच उरली नव्हती. असा फ्रॉक हवा म्हणाला. मी नियमाप्रमाणे पार्ट विचारला, त्याने एक जपानी नाव सांगितलं जे माझ्या जिभेवर काही बसलं नाही. मग त्यानेच समजावलं. जपानमध्ये चित्रांच्या मालिका बनतात, त्यांना ॲनिमे म्हणतात. आपल्याकडची पोरं त्या मोबाइलवर बघतात. त्यातलं आपलं आवडतं पात्र धरून हुबेहूब तसे कपडे, तसे केस करून जमायचं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. परभणीत त्यांचा गट होता, सेलू, जिंतूर, पूर्णा इकडची पोरंपोरी त्यात होती.

मी विचारलं, नाटक कोणतं करता? नाटक नाही म्हणाला. मग गाणं? नाच? तेही नाही. मग एवढं नटून करता काय? प्रतीकने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भेटतो, काकू. फोटो काढतो. एकमेकाला बघून बरं वाटतंय." मला काही ते पटलं नाही, पण कुतूहल असं वाटायला लागलं की कुलूप लांबणीवर पडलं. शिलाईबाई म्हणून सांगते, ती पोरं कामाला भारी होती. व्यायामाच्या चटईचं चिलखत कापायची, चप्पलवाल्याच्या सोल्युशनने चिकटवायची, शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळीची तलवार करायची. मी आयुष्यभर पुठ्ठा वापरला आणि ठिबकच्या नळीचं मला कधी सुचलं नाही.

याच गटातला मल्हार. देवगाव फाट्यापासून आत एका वस्तीवर त्याचं घर, घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. परभणीत कॉलेजला होता आणि राहायचा मुलींच्या होस्टेलवर. त्याचं घरचं नाव मुलीचं होतं. ते मी इथे लिहीत नाही, त्याने नको म्हटलंय, आणि माझ्या दुकानात ते कधी चाललंही नाही. मल्हार हे नाव त्याने स्वतः निवडलेलं, लहानपणापासून बापाच्या तोंडून देवाचं नाव ऐकलेलं, त्यातलं.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा मी टेप काढून सवयीप्रमाणे बायकांची मापं घ्यायला लागले. तो असा आक्रसला की मी हात मागे घेतला. खाली बघत म्हणाला, शर्टावरूनच घ्या, काकू. मी शर्टावरून घेतली. पार्ट होता पांढऱ्या केसांचा तलवारबाज. उभ्या कॉलरचा काळा लांब कोट आणि डोक्यावर ताठ उभे राहिलेले पांढरेशुभ्र केस. मी हसून म्हटलं, आमच्या बोरीच्या मुलींनाही कृष्णच व्हायचं असायचं. तो हसला नाही.

कोट शिवता शिवता मी ह्यांचा पहिला नियम मोडला आणि विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. प्रतीक मुलीचा ड्रेस घालतो, हा मुलाचा, मग दोघांचं एकच की वेगळं? प्रतीक तिथेच मोजे ओढत बसला होता. तो म्हणाला, मी मुलगाच आहे काकू, मला हा फ्रॉक आवडतो एवढंच, आईलासुद्धा फोटो पाठवतो. मल्हारने टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "प्रतीक ड्रेस घालून सोंग करायलाय, काकू. माझं सोंग गावाकडं चालू असतंय. हितं येऊन मी ते उतरवतो."

गटातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, वस्तीवर कुणालाच नाही. केस कापले तेव्हा होस्टेलात उवा झाल्या म्हणून घरी सांगितलं होतं. मी विचारलं, वडलांना कळलं तर? तो म्हणाला, मग सुट्टीत कुठं जायचं ते बघावं लागंल. हे त्याने फार साधेपणाने सांगितलं आणि मला सुई ओवता येईना. कारण बाकी सगळा वेळ तो आबांबद्दलच बोलत असायचा. आबा आवाजावरून मेंढरू ओळखतात, आबांनी खांद्यावर बसवून दुधना नदी ओलांडली, आबांना लांडग्याचा माग कळतो. ज्या माणसापासून तो लपत होता, तोच माणूस त्याला सगळ्यात जास्त आवडत होता.

कोट झाला, आमच्या ड्रेपरीच्या रीतीने समोरून बंद आणि मागे नाड्यांचा, पण टोपावर गाडी अडली. आमच्याकडे पांढरा टोप एकच, ऋषीचा, तागाचा, जुन्या जानव्यासारखा पिवळा पडलेला. मोबाइलवरून मागवलेला आला तो प्लास्टिकच्या बाहुलीचा वाटत होता. शेवटी मल्हारच म्हणाला, लोकर कशी होईल? त्यांच्या कळपात काळी मेंढरंच जास्त, पांढरी मोजकी. त्याने आबांना फोन लावून कॉलेजच्या कामाला पांढरी लोकर पाहिजे, केस उभे करायचेत, एवढंच सांगितलं. बापाने पुढे काही विचारलं नाही. कातरणीचे दिवस नसताना मेंढरं धरून कातरली आणि पिशवी एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन पाठवली.

ती पिशवी मल्हारने दुकानात ठेवली आणि तो कॉलेजला गेला. मी उघडून बघितलं तर मेंढराचा वास, काडीकचरा, हाताला तेलकट. मी काय करणार? तिसरा नियम. मोठं पातेलं ठेवलं, पाणी कढवलं, साबण टाकला आणि लाकडी दांड्याने चांगलं ढवळलं. बाहेर काढलं तर लोकर नव्हतीच, जाड घट्ट बसलेली पोळी होती. ओढून तुटेना, विंचरून सुटेना. पायपुसणं म्हणून उत्तम झालं असतं.

संध्याकाळी मल्हारने ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "काकू, लोकर कढत पाण्यात घालत्यात का?" म्हणाला आणि हसायला लागला. मीही हसले. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की आता पुन्हा आबांना सांगावं लागणार, आणि गटाचा मेळावा तर येत्या रविवारी. त्याने फोन लावला. कोणत्या येड्यानं कढत पाण्यात घातली, हे पलीकडचं वाक्य मला लांबूनही स्वच्छ ऐकू आलं. त्या येड्याने खाली मान घातली. मग आबांनी सांगितलं की आता लोकर मी स्वतः घेऊन येतो, मी आल्याशिवाय हात लावायचा नाही. नको, नको असं मल्हार म्हणत राहिला. फोन कधीच बंद झाला होता.

रविवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी चिलखत चिकटवतोय, कुणी डोळ्यांना रंग लावतंय, प्रतीकच्या फ्रॉकची चेन अडकलेली. मल्हारने कोट अंगात घातला होता, मागच्या नाड्या अजून मोकळ्या होत्या. आबांना त्याने दुकानाचा पत्ता दिला होता, ते दुपारच्या गाडीने येणार असा त्याचा हिशेब होता, तोवर टोपाशिवायच मेळाव्याला निघून जायचं आणि लोकर मी घ्यायची. तेवढ्यात तो दारातूनच मागे सरला. समोरच्या पानपट्टीवर खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच म्हातारा माणूस आमच्या दुकानाचा पत्ता विचारत होता.

मी मल्हारला म्हटलं, पडद्यामागे जा. नाहीतर मी सांगते नाटक आहे, कॉलेजचं गॅदरिंग आहे. आमच्या दुकानातलं हे सगळ्यात जुनं औषध होतं. बोरीच्या गोपींना ते चाललं, ताडकळसच्या गृहस्थांना चाललं. हे वाक्य म्हणताना मला स्वतःला खोटं बोलल्यासारखंही वाटत नव्हतं.

"नाटक म्हणू नका, काकू," मल्हार म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"तुमी काहीच म्हणू नका."

आबांनी वहाणा बाहेर काढल्या आणि आत आले. पोरांचे हात थांबले. सगळ्यात पुढे निळ्या केसांचा, फ्रॉकमधला प्रतीक उभा होता, त्याला त्यांनी शांतपणे रामराम केला. मग ते दुकानभर नजर फिरवून आपलं लेकरू शोधायला लागले. मल्हारवरून त्यांची नजर एकदा तशीच पुढे गेली. मग परत आली आणि थांबली.

मी बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले. आधी कढवलेली लोकर मागितली, बोटाने दाबून बघितली आणि घोड्याच्या पाठीवर टाकायला बरी हाय म्हणाले. मेंढराला आधी नदीत धुवायचं असतं आणि मग कातरायचं, कातरल्यावर असं पाणी दाखवायचं नसतं, हेही सांगितलं. हे सगळं माझ्याकडे बघून. मी मान डोलावत होते, पण खरं बोलणं हे नव्हे, ते दुकानातल्या प्रत्येकाला कळत होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे कशाचं नाटक हाय?"

"नाटक न्हाई, आबा," मल्हार म्हणाला. "मी असाच हाय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून. तुमच्यासंगं मेंढरामागं हिंडत होतो, तवा पण."

 मला वाटलं आता आबा उठतील आणि जातील. त्यांनी पिशवी पुढे ओढली, लोकर मांडीवर घेतली आणि बोटांनी पिंजायला लागले. काडी न् काडी वेचून टाकत होते. पिशवीत एक डबाही होता, त्यात चिंचोक्याची खळ. घोंगडी कडक करायला ती लावतात. केस उभे करायचेत असं फोनवर ऐकलं होतं ना, म्हणून ती त्यांनी घरूनच आणली होती. ते लोकरीचा एक एक झुपका खळीत बुडवून, पिळून, चिमटीने टोक काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी तो कापडी टोपीवर शिवायची. पोरं हळूहळू पुन्हा आपापल्या कामाला लागली, पण कुजबुजत. एका पोरीने पंखा लावला, खळ लवकर वाळावी म्हणून. आम्ही दोघं म्हातारी माणसं एकमेकांसमोर बसून जपानी तलवारबाजाचे केस करत होतो. मला भीती वाटत होती, की टोप पुरा झाला की आबांच्या हाताला काम उरणार नाही, आणि मग काय होईल कुणास ठाऊक.

टोप पुरा झाला. मी तो मल्हारच्या डोक्यावर बसवला. तो आरशाकडे वळला आणि आमच्याकडे त्याची पाठ झाली. कोटाच्या नाड्या अजून लोंबतच होत्या.

ते माझं काम. मी सुई खोचून उठायला लागले, पण गुडघे माझे, वेळ लागतो. त्याआधी आबा उठले. मागे जाऊन उभे राहिले, वरच्या दोन नाड्या हातात घेतल्या आणि थोडा वेळ नुसत्या धरून ठेवल्या. मग गाठ मारली. आपण मारतो तसली सुरगाठ नाही. मेंढपाळ कोकराला बांधून ठेवताना मारतात तसली, हिसका दिला की आणखी घट्ट बसणारी. एक झाली, दुसरी झाली, अशा सगळ्या बांधल्या.

"लय आवळलं का?"

"न्हाई, आबा. बरं बसलंय."

आबांनी घोंगडी खांद्यावर घेतली. मेंढरं एकट्या बायकोवर टाकून आलोय म्हणाले. दारात वहाणा घालताना मला म्हणाले, "ताई, टोप कढत पाण्यात घालू नका." आणि गेले. मल्हारला त्यांनी ना नावाने हाक मारली, ना आणखी काही विचारलं. तो आरशात बघत उभा होता आणि डोळ्यांचा काळा रंग गालांवर उतरला होता. प्रतीकने रुमालाने तो पुसून पुन्हा लावून दिला.

मेळाव्याला मीही गेले, सुईदोरा घेऊन, उसवलंच काही तर म्हणून. एका मंगल कार्यालयाच्या अंगणात सगळे जमले होते. मला काय दिसलं ते सांगते. आल्या आल्या प्रत्येकाने आपल्याला काय म्हणून हाक मारायची ते सांगितलं आणि बाकीच्यांनी तसंच म्हटलं, कुणी का विचारलं नाही. फोटो काढण्याआधी विचारायचे, कपड्याला हात लावण्याआधी विचारायचे. जिंतूरहून आलेली एक नर्सिंगची मुलगी सगळ्यांच्या चिलखतांच्या निघालेल्या जोडांना पुन्हा सोल्युशन लावत फिरत होती. कार्यालयाच्या वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, मावशी, कोणतं नाटक आहे? मी म्हटलं, नाटक नाही, ही पोरं एकमेकांना भेटायला आलीत. हे वाक्य माझ्या तोंडून सहज आलं त्याचं मलाच नवल वाटलं.

सगळ्यांचा डोळा मल्हारच्या टोपावर होता. जो तो येऊन विचारायचा, कुठून मागवलास, कोणत्या साइटवरून? आणि मल्हार दर वेळी तेच उत्तर द्यायचा, न कंटाळता, प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात. "आबांनी केलाय."

संध्याकाळी तो कोट परत करायला आला. मी सवयीने उलटा केला तर नाड्या तशाच बांधलेल्या. त्याने तो डोक्यावरून ओढून काढला होता, एका बाजूची शिलाई थोडी उसवलीही होती. माझी बोटं गाठीकडे गेली. तो म्हणाला, सोडू नका, काकू. मी म्हटलं, मग घेऊन जा, तुझाच आहे. पण होस्टेलात कपाट तिघींत एक, तिथे कुठे ठेवणार? म्हणून कोट दुकानातच राहिला. ह्यांचा दुसरा नियमही मोडला. आणि राजा, राणी, शिपाई, राक्षस, म्हातारी यांच्या रांगेत शेवटच्या खुंटीवर मी खडूने मल्हार असं लिहिलं. बोरीच्या बाईंच्या जागी आता नव्या बाई आल्यात, त्यांनी गॅदरिंगला तो कोट मागितला तेव्हा मी सांगितलं, तो भाड्याचा नाही.

पुढच्या सुट्टीत मल्हार गावी गेला नाही, प्रतीकच्या घरी राहिला. आबांचा फोन यायचा. मेंढरांचं बोलायचे, पावसाचं बोलायचे. घरी ये असंही म्हणायचे नाहीत आणि येऊ नको असंही नाही. मल्हार रोज दुकानात यायचा, कोटाकडे बघायचा आणि काज-बटणाच्या कामाला बसायचा. मी तरी काय सांगणार? मला शिवता येतं, उसवलेलं जोडता येतं, पण दुसऱ्याच्या बापाच्या मनाचं माप घेता येत नाही.

हिवाळ्याची कातरणी आटोपल्यावर एक दिवस आबा एकटेच दुकानात आले. मल्हार कॉलेजात होता. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. सगळी पांढरी लोकर, निवडून, पिंजून तयार केलेली. म्हणाले, त्याच्या आईला अजून सांगितलं न्हाई, सांगतो, पण टाइम लागंल. मी चहा मागवला. या वेळी कुणाला चहा पाजायचा राहून जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलंच होतं.

चहा पिता पिता त्यांना शेवटच्या खुंटीवरचा कोट दिसला. खुंटीवरचं नाव त्यांना वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ते उठून कोटाजवळ गेले, तो फिरवून पाठीमागून बघितला.

"ह्या अजून बांधलेल्याच?"

मी म्हटलं, तो सोडू देत नाही.

आबांनी एकेक गाठ चाचपून पाहिली. सगळ्यात वरची जरा ढिली पडली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी पुन्हा आवळली, हिसका देऊन पक्की बसली का ते बघितलं, आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.